विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात भाट्ये येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी. माझे सारे आयुष्य मीटरपट्टीच्या सोबतीने गेले. भाषणाचा सराव नाही. कार्यवाहांनी मला विषय दिला तो ‘विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध असलेले साहाय्य’ असा. वेळ दिला वीस मिनिटांचा. गिऱ्हाइकाला कापड देताना चार बोटे जास्त सोडण्याची आमच्या दुकानाची वडिलोपार्जित रीत आहे, तेव्हा वेळेच्या बाबतीतही चार बोटे इकडेतिकडे झाली तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आपण भाट्याला बसलो आहोत. पूल ओलांडला की रत्नागिरी. शिक्षणाच्या दृष्टीने आपले गाव आता आडबाजूला राहिलेले नाही. ज्या नारळ संशोधन केंद्रासमोरून आपण रोज जातो ते १९५५ पासून येथे आहे, आणि कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी तेथे शिकायला येतात. खाडीपलीकडे गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाला १९४५ चा वारसा आहे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये आले, १९९६ मध्ये फिनोलेक्सचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आले आणि २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. दहावी-बारावीच्या निकालांबद्दल तर बोलायलाच नको. कोकणचे विभागीय मंडळ २०१२ मध्ये स्वतंत्र झाले तेव्हापासून राज्यात आपला विभाग बहुधा पहिलाच असतो. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत पेढे भरवल्याची छायाचित्रे येतात, आणि त्यांतली बरीच मुले पावसाळ्यात मुंबईच्या वा पुण्याच्या गाडीत बसतात. माझा प्रश्न त्यांच्याबद्दलचा आहे. पेढा भरवणारे हात पुष्कळ असतात. पहिल्या सत्राच्या परीक्षेत दोन विषय राहिले, खानावळीचे पैसे थकले, खोलीतल्या सोबत्याशी पटेना, अशा वेळी त्या मुलाच्या पाठीशी कोण असते?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ साली जन्मलेले आणि मुरूडला वाढलेले धोंडो केशव कर्वे सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले होते. बरोबर त्यांच्याच वयाची मुले. सह्याद्री चढून, दिवसचे दिवस चालून ते पोहोचले, आणि परीक्षा समितीच्या अध्यक्षांना त्यांची लहान चण पाहून ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता, तरीही. पुढे त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले, हे आपण जाणतोच. मी मात्र त्या साताऱ्याच्या दाराशी पुन्हा पुन्हा थांबतो. त्या दिवशी त्यांच्या शेजारी एखादा वडीलधारा, चार शब्द बोलू शकणारा माणूस उभा असता, तर दाखल्याचा मान राहिला असता असे मला वाटते. दाखला होता, बुद्धी होती. माणूस नव्हता.

त्या काळी गरीब विद्यार्थ्याला आधार होता तो मधुकरीचा, किंवा वार लावून जेवण्याचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यात पुण्य होते, माया होती आणि मानखंडनाही होती. ज्याने असे दिवस काढले त्याला कोणत्या घरी पान शेवटी वाढले जायचे हे म्हातारपणीही आठवत असे. या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या आरंभी जी वसतिगृहे उभी राहिली, त्यांचे मोल कळते. १९०१ पासून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि अनुदाने दिली. जैन बोर्डिंग त्यांपैकीच एक. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या वडिलांच्या नावाने जैन बोर्डिंग उभारले आणि इतर शहरांतही अशी बोर्डिंगे व्हावीत म्हणून सढळ हाताने द्रव्य दिले. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. मंदिरांना देणारा आपला समाज विद्यार्थ्याच्या ताटालाही देऊ लागला, ही त्या काळची मोठीच क्रांती म्हणावी लागेल.

परंतु सुवर्णमहोत्सव आहे म्हणून केवळ गौरवच सांगावा, हे मला पटत नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहणाऱ्या एका मुलाने, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हजेरी लावली. परत आल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला. बोर्डिंगाने त्याला काढून टाकले. त्या मुलाचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. बोर्डिंगाने दार लावले तेव्हा शाहू महाराजांनी त्याला आसरा दिला. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. मुलांना धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, विकायला काढून दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा व शिका’ ही योजना महाविद्यालयीन शिक्षणात रुजली. आज महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत ती चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करतो आणि मानाने मोबदला घेतो. जैन कुटुंबात जन्मलेल्या या कर्मवीरांचा आपल्याला अभिमान आहे. त्यांना आपल्याच एका बोर्डिंगाने बाहेर काढले होते, हेही आपल्या स्मरणिकेत कोठेतरी नोंदलेले असावे, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता थोडे माझ्याविषयी. १९७८ मध्ये मी बी.कॉम.साठी मुंबईला गेलो. एका वसतिगृहात जागा मिळाली. वडिलांचे दुकान तेव्हा अडचणीत होते, म्हणून दुपारी महाविद्यालय सुटले की मूळजी जेठा मार्केटमधल्या एका पेढीवर वह्या लिहायला जात असे. सुटायला साडेसहा-सात होत. वसतिगृहातले जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असायचे. नियम होता आणि तो योग्यच होता. मी खोलीत चणे-कुरमुरे आणून ठेवी. पण सूर्यास्तानंतर खायचे नाही हे आईला दिलेले वचन, त्यामुळे तेही बहुधा दुसऱ्या दिवशीच तोंडात पडत. दोन-अडीच महिने असे गेले. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असेच वाटत नव्हते.

आमचे गृहपती एक निवृत्त शिक्षक होते. भोजनगृहात प्रत्येकाच्या नंबराचा पितळी बिल्ला असे. जेवायला बसताना तो खिळ्यावरून काढून पेटीत टाकायचा. माझा बिल्ला रोज संध्याकाळी खिळ्यावरच राहतो हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी मला बोलावले नाही. सर्वांसमोर विचारले नाही. माझ्या खोलीतल्या मित्राला सहज बोलता बोलता विचारून घेतले. एके दिवशी पेढीवर साडेपाचच्या सुमारास वसतिगृहाचा गडी डबा घेऊन हजर झाला. शेठजींनी मला पंधरा मिनिटांची सुटी दिली. त्यांच्याशीही गृहपतींनी परस्पर बोलून ठेवले होते. तीन वर्षे तो डबा आला. १९८१ मध्ये पदवी घेऊन मी निघालो तेव्हा गृहपतींच्या पाया पडलो आणि डब्याचा विषय काढला. ते म्हणाले, “बिल्ले मोजणं माझं कामच आहे.” त्या वसतिगृहाची इमारत मला आज नीटशी आठवतही नाही. बिल्ल्यांचा तो फळा मात्र डोळ्यांसमोर आहे.

मंडळी, आजच्या विद्यार्थ्याला उपलब्ध असलेले साहाय्य आमच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. महाराष्ट्र शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर उच्च शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. त्याच ठिकाणी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या निम्म्या शुल्काचा आधार मिळतो. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मुलींच्या बाबतीत तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठेच पाऊल टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, एवढे लक्षात ठेवावे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेऊन नंतर सवलत मागायला जाणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागते.

हे सारे ऐकायला सोपे वाटते. करायला बसले की घाम फुटतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, प्रवेशाचे पत्र, शुल्काची पावती, आधारशी जोडलेले बँक खाते. यांतले एक जरी अपुरे असले तरी अर्ज परत येतो. आपल्या समाजाची आणखी एक खास अडचण आहे. काही मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले असते, काहींच्या ‘हिंदू-जैन’. पहिलीत नाव घालताना वडील घाईत असतात, लिपिकाने लिहिले ते लिहिले. बारा वर्षांनी ते एक अक्षर शिष्यवृत्तीच्या आड येते, आणि शाळेतून पदवीच्या वर्गात गेल्यावर ती नोंद दुरुस्त करणे किती त्रासाचे, हे ज्यांनी केले त्यांना विचारा. आज सभागृहात ज्यांची मुले प्राथमिक शाळेत आहेत त्यांनी घरी गेल्यावर दाखला काढून पाहावा.

अर्ज भरला म्हणजे संपले असेही नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, मग विभागाकडे. मध्ये त्रुटी निघाली तर मोबाईलवर संदेश येतो. मुलगा परीक्षेत गुंतलेला, संदेश शंभर जाहिरातींच्या गर्दीत हरवलेला, मुदत टळलेली. आणि दरवर्षी नूतनीकरण! पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी केवळ अर्ज न केल्यामुळे गेली, अशी उदाहरणे मला ठाऊक आहेत. धंद्यात जीएसटीचे विवरणपत्र भरायला आपण माणूस ठेवतो, कारण एक तारीख चुकली की दंड होतो. मुलाच्या शिक्षणाच्या अर्जाला मात्र आपण म्हणतो, त्याला कॉम्प्युटर येतो, तो भरेल.

कर्जाबद्दल व्यापारी म्हणून दोन शब्द बोलतो, कारण आपल्याकडे कर्ज म्हटले की एकतर भीती नाहीतर बेफिकिरी. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागू नये म्हणून केंद्राचा पतहमी निधी २०१५ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट आहे. परंतु एक गोष्ट मुलांना आणि पालकांना नीट समजावून सांगितलीच पाहिजे. हप्ता सुरू नाही म्हणजे व्याज सुरू नाही, असे नव्हे. शिक्षण चालू असताना व्याजाचा आकडा मागे साचत राहतो. शक्य असेल त्या पालकांनी तेवढे व्याज तरी दरमहा भरत राहावे. चार वर्षांनी त्याचा फरक किती पडतो, हे मी दुकानात कागदावर मांडून अनेकांना दाखवले आहे. महावीर जैन विद्यालयासारख्या आपल्या जुन्या संस्थांनी मदत कर्जाऊ देण्याची आणि कमावता झाल्यावर ती परत घेण्याची पद्धत ठेवली, त्यामागेही हाच विचार होता. घेणाऱ्याची मान ताठ राहते, आणि परत आलेले पैसे दुसऱ्या मुलाला जातात. पुण्याला १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समितीही ग्रामीण भागातील मुलामुलींना अशीच स्वावलंबनाची सवय लावत आली आहे. आपल्या भागातील गरजू मुलांनी तिची वसतिगृहे अवश्य पाहावीत. सर्वच सोय जैन संस्थेतच शोधावी, असा हट्ट धरू नये.

पैशांपलीकडचेही साहाय्य असते, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ हा चोवीस तासांचा दूरध्वनी आहे. मन खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा. एवढा वरचा दरबार या प्रश्नात का उतरला, याचा विचार करा. शहरांत आणि शिकवण्यांच्या गावांत मुले मृत्यूला कवटाळत आहेत, म्हणून. आपल्या समाजात ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटले की लग्न जमवण्याची काळजी सुरू होते. ताप आला तर आपण लपवतो का?

आता मी अशा गोष्टीकडे येतो, जी सांगावी की सांगू नये याचा महिनाभर विचार केला. विश्वस्तांना आधी सांगून त्यांची अनुमती घेतली आहे.

आपल्या ट्रस्टच्या शिक्षण समितीचे काम मी बरीच वर्षे पाहिले. शिष्यवृत्ती वाटपाची आपली पद्धत तुम्हांला ठाऊक आहे. वार्षिक समारंभात नाव पुकारायचे, विद्यार्थ्याने पालकांसह व्यासपीठावर यायचे, दात्याच्या हस्ते पाकीट घ्यायचे, छायाचित्र. २००३ मध्ये एका मुलाचा अर्ज आला. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला, बाहेरगावी राहणार. वडील आपल्याच समाजातील एका व्यापाऱ्याकडे वह्या लिहायला होते. समितीने पाच हजार रुपये मंजूर केले. समारंभात नाव पुकारले. कोणी आले नाही. दुसऱ्यांदा पुकारले. मुलगा सभागृहाच्या दाराशी उभा होता, मी त्याला पाहिले. वडील आले नव्हते. आपला नियम होता की पालक उपस्थित हवेत. मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे लाल शाईने लिहिले : ‘पालक अनुपस्थित. रद्द.’ त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. नियम सर्वांना सारखा, असेच मानत होतो.

२०१२ मध्ये बहिणीच्या लग्नाचे कापड घ्यायला तो दुकानात आला. मी ओळखले नाही, त्याने ओळख दिली. एका कारखान्याच्या गोदामात नोकरीला होता. अभियांत्रिकी तीन सत्रांनंतर सुटली होती. मी विचारले, “का रे सोडलंस?” तो शांतपणे म्हणाला, “काका, पैसे पुरले नाहीत हे खरं. पण आधी पुष्कळ दिवस कुणाला विचारायचं तेच कळलं नाही. कॉलेजात विद्यार्थी साहाय्य निधी होता, ते मला सोडून आल्यावर समजलं.” मग मी समारंभाचा विषय काढला. त्याने मान खाली घातली. “बाबांचे शेठजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्यासमोर पाकीट घ्यायला वर जायचं बाबांच्याने होईना. ते घरातून निघाले होते. पुलापर्यंत आले आणि परत फिरले.”

एवढेच. तक्रारीचा सूर नव्हता. कापडाचे पैसे त्याने पूर्ण दिले, कमी करू दिले नाहीत. पाच हजारांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाले असते, असा दावा मी करीत नाही. त्या दिवशी पाकिटाबरोबर आपल्यापैकी एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या हाती पडला असता, दोन महिन्यांनी कोणी त्याला ‘जेवतोस ना वेळेवर?’ एवढे विचारले असते, तर त्या साहाय्य निधीची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तरी उघडी राहिली असती. ज्या माणसाचा बिल्ला तीन वर्षे कोणीतरी मोजला होता, त्याच माणसाने दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या नावापुढे ‘रद्द’ लिहिले. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. मी त्याच्या वडिलांच्या घरी जाऊन तसे म्हटले. त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला. ती नोंदवही आज मी बरोबर आणली आहे. दाखवणार नाही, कारण तिच्यात नावे आहेत.

आपल्या शास्त्रकारांनी गुप्तदानाचा महिमा सांगितला आणि साधर्मिक भक्ती हे कर्तव्य मानले. भक्ती ज्याची करायची त्याला आपण व्यासपीठावर उभे करून त्याची गरज ध्वनिक्षेपकावरून पुकारतो, ही विसंगती माझ्या लक्षात यायला नऊ वर्षे आणि एक गिऱ्हाईक लागले. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘शिष्यवृत्ती वितरण’ हा विषय नाही, हे आपल्यापैकी काहींच्या ध्यानात आले असेल. छपाईची चूक नाही. विश्वस्त मंडळाने तसा ठराव केला आहे. तो एकमताने झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणाले, उघड वाटप बंद केले तर पैसे योग्य माणसाला गेले हे सभासदांना कसे कळणार? सार्वजनिक ट्रस्ट आहे, शंका येणारच. मी बी.कॉम. झालेला माणूस, त्यांना हिशेबाच्याच भाषेत उत्तर दिले. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाईल, प्रत्येक अर्जाला क्रमांक असेल, दात्याला त्या क्रमांकाचा अहवाल मिळेल, लेखापरीक्षक मूळ कागद पाहतील आणि लेखे नेहमीप्रमाणे धर्मादाय कार्यालयात दाखल होतील. छायाचित्राने पारदर्शकता येत नाही. छायाचित्रात पाकीट दिसते, आतली रक्कम दिसत नाही.

दात्यांनाही थोडे सांगणे आहे. नाव यावे, फोटो यावा असे वाटण्यात पाप नाही. मीही देतो, मलाही वाटते. आपले नाव फलकावर येईल, स्मरणिकेत येईल. फक्त समोर कोणाला तरी हात पसरून उभे राहावे लागणार नाही.

सुवर्णमहोत्सवी निधीतून कमान बांधावी, अशीही एक सूचना होती. कमान होईल तेव्हा होईल. तूर्त ट्रस्टच्या कार्यालयात एक संगणक, एक स्कॅनर आणि एक कपाट घेतले आहे. समाजातील दोन तरुण सनदी लेखापाल आणि एक निवृत्त शिक्षिका रविवारी सकाळी दहा ते बारा तेथे बसतील. प्रवेशाच्या दिवसांत रोज संध्याकाळीही बसतील. अर्ज भरून देतील, मुदतीच्या तारखा वहीत लिहून ठेवतील आणि त्रुटी निघाली तर विद्यार्थ्याच्या आधी त्यांना कळेल अशी व्यवस्था करतील. बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला महिन्यातून एकदा आपल्यापैकी एकाचा दूरध्वनी जाईल. त्यात गुण विचारायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. मुंबई आणि पुण्यात आपली जी कुटुंबे आहेत त्यांच्याकडून मी एकच मागतो : आपल्या भागातील एका विद्यार्थ्याला महिन्यातून एका रविवारी घरी जेवायला बोलवा. त्याला वार लावणे म्हणू नका. आते-मामांकडे मूल जाते तसे त्याला येऊ द्या.

आपल्याकडे हे काम अन्य समाजांतील मुलांसाठीही खुले ठेवावे की नाही, यावर चर्चा अजून अपुरी आहे. माझे मत मी सभेत मांडले आहे आणि कर्मवीरांचे उदाहरण दिले आहे. नारळाच्या बागेत काम करणाऱ्या शेजाऱ्याची मुलगी उत्पन्नाचा दाखला घेऊन दाराशी आली, तर तिला ‘तू आमची नव्हेस’ म्हणण्याची माझी तरी तयारी नाही. निर्णय सर्वसाधारण सभा घेईल.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, म्हणून आवरतो. पहिला रविवार येत्या आठवड्याचा आहे. ज्यांच्या मुलांच्या दाखल्यावरील नोंदीत अडचण आहे त्यांनी मूळ दाखला बरोबर आणावा, झेरॉक्सवर काम होणार नाही. अर्जावर पालकांची सही लागेल. पालकांनी स्वतः यायलाच हवे, असे नाही.

जय जिनेंद्र.